लासरू : वाहत्या डोळ्याची गोष्ट

आजचा विषय लढाईचा वा तहाचा नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातील एका बारीक नलिकेचा आहे.

अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रुपिशवीत आणि तेथून हाडातील वाटेने नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते याचमुळे. ही वाट बुजली की डोळा सतत पाणावतो, पिशवीत पू साचतो. मराठीत या विकाराला ‘लासरू’ म्हणतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यात होणाऱ्या ‘पूयालस’ या रोगाचे वर्णन आहे. अभ्यासक तो हाच विकार मानतात. त्यावर रक्तमोक्षण सांगितले आहे. रोमन लेखक सेल्सस दूषित भाग कापून हाडापर्यंत डाग द्यायला सांगतो. पू निघे, जखम भरे. पण अश्रूंना वाट मिळत नसे. पुढे हाडाला भोक पाडण्याचेही प्रयत्न झाले, परंतु ते बुजून जाई.

१९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी अश्रुपिशवी व नाक यांमधले हाड काढून थेट नवा मार्ग केला. १९२१ मध्ये फ्रान्सच्या द्युपुई-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवीचे व नाकाचे अस्तर एकमेकांना शिवले, त्यामुळे तो मार्ग टिकू लागला. आजची शस्त्रक्रिया मूलतः हीच आहे.

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावी आजीचा डावा डोळा आजोबांच्या निधनानंतर वाहू लागला. सारे म्हणत, ‘म्हातारी अजून रडते.’ त्या समजुतीत सहा वर्षे गेली. अखेर एका नेत्रतज्ज्ञांनी नाकाच्या कडेला बोटाने दाबले आणि पू बाहेर आला. शस्त्रक्रियेनंतर डोळा कोरडा झाला. आजोबांची आठवण मात्र ती पूर्वीइतकीच काढते.

येथे मला तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) आठवतात. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. डोळा आधी नीट पाहावा, टिपून ठेवावा आणि मगच त्याचा अर्थ लावावा, ही शिस्त त्या कागदांत दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीच शिकायची असते.

तुमच्या घरी कुणाचा डोळा सतत वाहत असेल, तर त्याला वय किंवा दुःख म्हणण्यापूर्वी तो तपासून घ्या.