आधी सांगायचं असतं!

तर झालं असं. फेब्रुवारी अखेरचा शनिवार. पहाटे पाचला पुणं सोडलं, उंब्रजला हायवे सोडला, पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणला चहा मारला आणि दुपारी एकच्या सुमारास वेळणेश्वरातल्या एका अंगणात गाडी लावली. घरगुती मुक्काम, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या पलीकडे थेट समुद्र. पोटात कावळे कोकलत होते.

"काकू, जेवायला काय आहे?" मी ऐटीत विचारलं.

"अगो, आधी सांगायला नको का? भात वैरलाय तो आमच्या दोघांपुरता!"

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिलो. दोघंही आयटीतले. रात्री साडेअकराला बिर्याणीची हुक्की आली तर बाराला बिर्याणी दारात, ही आमची सवय. इथे मात्र जवळपास हॉटेल दिसेना आणि खोलीत फोनची रेंज फक्त खिडकीत हात बाहेर काढला की! काकूंनीच दया येऊन ओलं खोबरं, कांदा, मिरची घालून दडपे पोहे पुढे ठेवले. वर शहाळं. असे पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते. ताट उचलताना काकू पुन्हा म्हणाल्या, "रात्रीचं आत्ता सांगा. उद्याचंही आत्ताच सांगा."

सांगून टाकलं. रात्री कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी. उद्या दुपारी ओल्या काजूंची उसळ. रविवारी नेमकी संकष्टी होती, म्हणून चंद्रोदयाला उकडीचे मोदक.

एक गोष्ट मात्र मी अजून सांगितली नव्हती. काकूंना नाही, नवऱ्याला.

गुरुवारी संध्याकाळी सिंगापूर ऑफिसच्या मेलला मी 'येस' म्हणून उत्तर टाकलं होतं. दोन वर्षांचं पोस्टिंग. असा चान्स पुन्हा येत नाही, बॉसला लगेच उत्तर हवं होतं, नवरा क्लायंट कॉलवर होता... कारणं भरपूर होती माझ्याकडे. 'तिकडे गेल्यावर निवांत सांगू' असा प्लॅन. शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर दोन तास चाललो, वेळणेश्वराचं दर्शन घेतलं, सूर्यास्ताचे चाळीस फोटो काढले. निवांतपणा तर रग्गड होता. शब्द फुटेना.

रात्री काकांनी भरतीचं गणित शिकवलं. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. "बामणघळ बघायची तर उद्या तीनलाच जा," काका म्हणाले. "आधी गेलात तर नुसता दगड बघून याल."

रविवारी सकाळी हेदवीच्या टेकडीवरच्या दशभुज गणपतीला गेलो. संकष्टीमुळे गर्दी होती, पण पांढऱ्याशुभ्र मूर्तीसमोर पाच मिनिटं शांत उभं राहता आलं. परत येऊन ओल्या काजूंची उसळ ओरपली आणि उत्साहाच्या भरात दीडलाच बामणघळीवर हजर! हेदवीच्या किनाऱ्याला उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद, खोल भेग आहे, तीच ही घळ. काकांचं म्हणणं खरं ठरलं. नुसता दगड. तळाशी पाणी गुळण्या केल्यासारखं गुळगुळत होतं. दीड तास वाट बघणं आलं.

नेट नाही, गर्दी नाही, पळवाट नाही. मी बोलून टाकलं. वारा इतका होता की एकदा बोललेलं त्याला ऐकूच गेलं नाही. सिंगापूर, दोन वर्षं, हो म्हणून कळवलंय, हे सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं. कानगोष्टीसारखी सांगायची बातमी मी भाजी विकल्यासारखी ओरडले.

तो बराच वेळ घळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुवारी विचारलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, जा. आता नाही म्हणवत."

तीनच्या सुमारास लाटा घळीत घुसायला लागल्या. आत कोंडलेलं पाणी धाडकन आपटून फवाऱ्यासारखं वर उसळायचं. आजूबाजूची पोरं किंचाळत होती. आम्ही दोघं शेजारी उभे, दोघंही भिजलेले आणि गप्प.

रात्री चंद्र उगवला, काकूंनी उपास सोडला, आमची पानं वाढली. मोदकांवर तुपाची धार. नवऱ्यानं सात मोदक खाल्ले आणि एक शब्द बोलला नाही. काकूंना वाटलं, मोदक भलतेच आवडले!

सोमवारी रजा होती. तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवली आणि खाडी ओलांडून जयगडला उतरलो. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे हा किल्ला आहे. तटावरून एकीकडे खाडी, एकीकडे बंदराच्या क्रेन्स. पुढे कऱ्हाटेश्वराचं देऊळ, अगदी कड्याच्या टोकाशी, खाली लाटा फुटताहेत. काकूंकडे शाकाहारीच, त्यामुळे आज मासे खायचे होते. या वेळी शहाणपण आलं होतं. सकाळीच एका खानावळीत फोन केला. "आज बांगडा आलाय ताजा. दोन ताटं धरू?" धरा म्हटलं. तांदळाची भाकरी, तळलेला बांगडा, तिखट कालवण.

खानावळवाले सांगत होते, "जूनमध्ये येऊ नका हां. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद."

नवऱ्यानं काटा बाजूला काढला. "तुला कधी जायचंय?"

"जूनमध्ये."

"म्हणजे मासेबंदीत," तो म्हणाला. दीड दिवसातला पहिला विनोद. मला हसू आलं आणि रडूही.

परतीच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून उभे असताना मी विचारलं, "मी काय करू?" तो म्हणाला, "आधी कळव त्यांना, की घरी विचारायचं राहिलंय."

मंगळवारी मी मेल केली आणि आठ दिवस मागून घेतले. बॉसचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मिळाले. त्या आठ दिवसांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतरच्या तीन वर्षांत बोललो नसू. भांडलोसुद्धा. त्याचं म्हणणं, दोन वर्षं फार होतात. माझं म्हणणं, नाही गेले तर आयुष्यभर तुला ऐकवत राहीन. शेवटी एका वर्षावर तडजोड झाली, ऑफिसनंही मान्य केलं. त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण विचारून जातेय, एवढं तरी आहे.

असो. तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा. जेवण एक दिवस आधी सांगा, मोदक तर नक्कीच. मासे हवे असतील तर सकाळी फोन करून काय आलंय ते विचारा. शेवटची फेरीबोट किती वाजता ते जातानाच विचारून घ्या, नाहीतर लांबचा वळसा पडतो. बामणघळीला तिथी बघून जा आणि कडेपासून लांब उभे राहा, शेवाळावर पाय घसरतो. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा.

आणि घरच्यांशी काही महत्त्वाचं बोलायचं असेल, तर ते निघण्याआधीच बोला. तिकडे वारा फार असतो. सगळं दोनदा सांगावं लागतं.