फिल्डमनला कोणी विचारलंच नव्हतं

साखर कारखान्याची ऊसनोंद मोबाइलवर आणायच्या प्रकल्पात मी बिझनेस ॲनालिस्ट म्हणून दाखल झाले, तेव्हा गरजांचा दस्तऐवज तयार होता. त्यावर कार्यकारी संचालकांची आणि मुख्य शेती अधिकाऱ्यांची सही होती. माझ्या आधीचा सहकारी दुसऱ्या कामावर गेला होता. मला एवढंच सांगितलं होतं, की चाचणी पार पाडायची आणि गाळप हंगामाआधी ॲप चालू करून द्यायचं. पुढे जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे. अशा कामावर असलेल्या कोणाचे तरी दोन-तीन महिने वाचतील.

कारखाना दक्षिण महाराष्ट्रातला, सहकारी. शेतकऱ्याने उसाची लागण केली की तो कारखान्याच्या गट ऑफिसला कळवतो. फिल्डमन शेतावर जाऊन क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, तेही लिहितो. या नोंदींवरून क्रमपाळी ठरते, म्हणजे कोणाचा ऊस कधी तुटणार ते. तोड लांबली तर उसाचं वजन घटतं आणि त्या रानातलं पुढचं पीकही मागे पडतं. त्यामुळे नोंदीतली तारीख आणि क्षेत्र या शेतकऱ्यासाठी थेट पैशाच्या गोष्टी आहेत.

नव्या ॲपमध्ये फिल्डमनने बांधावरून चालत शेताला फेरी मारायची होती. जीपीएसवरून क्षेत्र निघणार, फोटो निघणार, तारीख आणि वेळ आपोआप पडणार. कागदावर सगळं नीट दिसत होतं.

आडसालीच्या नोंदी सुरू असताना एका गटात चाचणी चालू झाली. रोजचे आकडे येऊ लागले. आढावा बैठकीत कार्यकारी संचालकांनी विचारलं, "काही अडचण?" शेती अधिकारी म्हणाले, "नाही साहेब, चाललंय." मागच्या खुर्च्यांवर फिल्डमन बसले होते. त्यांच्यापैकी कोणी बोललं नाही. बैठक लवकर संपली.

त्याच संध्याकाळी मी नोंदी नकाशावर उघडून बघितल्या. हिरवे ठिपके शेतांवर पसरलेले दिसायला हवे होते. ते सगळे एकावर एक चढून गट ऑफिसच्या छपरावर बसले होते. वेळ बघितली, तर जवळपास प्रत्येक नोंद संध्याकाळी सहा ते सातमधली. म्हणजे दिवसभर डायरीत लिहायचं आणि संध्याकाळी ऑफिसात बसून मोबाइलमध्ये भरायचं, असं चाललं होतं. मोजणी झालेलीच नव्हती.

आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं पडलं, की हा नकाशा मेलला जोडून शेती अधिकाऱ्यांना पाठवून द्यावा. मला धास्ती वाटली. मेल गेला असता तर दुसऱ्या दिवशी फिल्डमनना नोटिसा निघाल्या असत्या आणि पुन्हा कोणी आमच्याशी तोंड उघडलं नसतं. मी आठवडाभराची मुदत मागितली आणि गट ऑफिस गाठलं.

फिल्डमन सकाळी आठच्या आत ऑफिसात जमतात आणि मग रानात पांगतात. गाठायचं तर तेव्हाच. त्यांच्यातल्या एकाबरोबर मी दिवसभर फिरले. पाऊस चालू होता. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. ओढ्यापलीकडच्या शिवारात रेंज नव्हती आणि रेंज नसली की ॲपचं पुढचं पान उघडत नव्हतं. एका नोंदीला अठ्ठावीस रकाने होते. त्यांत बँकेचा खातेक्रमांक होता आणि पासबुकाचा फोटोही.

दुपारी एका शेतात मोजणी केली. शेतकऱ्याने सांगितलेल्या क्षेत्रापेक्षा मोबाइलने बरंच कमी दाखवलं. शेतकरी चिडला. मला तो काही बोलला नाही, फिल्डमनलाच बोलला. परत येताना फिल्डमन म्हणाला, "मॅडम, मोबाइल कमी दाखवतोय म्हणून कारखान्याला कोण जाब विचारत नाही. मला विचारत्यात. माझं घर ह्याच गावात हाय." बैठकीत हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "साहेबांच्या समोर? साहेबांनीच सही केलीय न्हवं?"

मोबाइलच्या मोजणीबद्दलचं त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. मोबाइलचं जीपीएस उघड्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं. 20 गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची एक बाजू साधारण 45 मीटर भरते. तिथे पाच मीटरची चूक लहान नसते.

दुसऱ्या दिवशी मी गट ऑफिसातल्या ज्येष्ठ क्लार्कजवळ बसले. गटाची क्रमपाळी ते कितीतरी वर्षं हाताने लावत आले होते. आमच्या संबंधितांच्या यादीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं, शेजारी आमच्या ॲपमध्ये भरलेली जुनी माहिती ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रजिस्टरात क्षेत्र होतं 1.10. त्यांच्या लेखी ते एक एकर दहा गुंठे, म्हणजे 50 गुंठे. आमच्या संगणकाने त्यातलं टिंब दशांश चिन्ह समजून वाचलं होतं. 1.10 एकर म्हणजे 44 गुंठे. एका ओळीत सहा गुंठे गेले. एकरी 40 टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे एका शेतकऱ्याचा सहा टन ऊस अंदाजातून गायब. आणि अशा ओळींनी रजिस्टरं भरलेली होती.

मी विचारलं, "काका, हे आधी कोणाला सांगितलं होतं का?" ते म्हणाले, "रजिस्टरं न्यायला पोरं आली होती. घेऊन गेली. मला कोणी काही विचारलं नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्याचं फार वाईट वाटलं.

मग मी अकाउंट विभागात गेले. पासबुकाचा आग्रह त्यांचा होता आणि त्याला कारण होतं. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागतं. खातेक्रमांक चुकला की पैसे परत येतात आणि मुदत हुकते. म्हणून त्यांना खातं नोंदीच्या वेळीच हवं होतं. फिल्डमनची अडचण अशी, की चिखलात उभा असलेला शेतकरी खिशात पासबुक घेऊन येत नाही. अकाउंटवाल्यांना वाटायचं फिल्डमन टाळाटाळ करतात. फिल्डमनना वाटायचं ऑफिसातली माणसं उगाच छळतात. दोघांनी एकमेकांचं कारण कधी ऐकलंच नव्हतं, कारण दोघं एकत्र यायचे ते फक्त कार्यकारी संचालकांच्या बैठकीत आणि तिथे कोणी खुलेपणाने बोलत नव्हतं.

यानंतर मी कामाची पद्धत बदलून घेतली. ज्या गोष्टींचा खरा उपयोग झाला त्या सांगते.

पहिली गोष्ट टिपणाची. ज्याच्याशी बोलणं झालं त्याला त्याच दिवशी मराठीत एक पान लिहून द्यायचं. मी काय ऐकलं, काय ठरलं, काय ठरलं नाही आणि का नाही, पुढचं उत्तर कोण आणि कधी देणार. बस, एवढंच. मूळ दस्तऐवज इंग्रजीत आणि जाडजूड होता. तो कारखान्यात पूर्ण वाचलेला माणूस मला भेटला नाही. गट ऑफिसात मी ते पान मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचताना लोक मध्येच अडवायचे. "तसं न्हाई मॅडम, खोडव्याला लागणीची तारीख नसती, तोडणीची धरत्यात." अशा दुरुस्त्या बैठकीत कधीच आल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट यादीची. बिझनेस ॲनालिस्टच्या पाठ्यक्रमात संबंधितांचा तक्ता करायला शिकवतात. एका बाजूला अधिकार, दुसऱ्या बाजूला रस. त्या तक्त्यात फिल्डमन आणि क्लार्क सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पडले होते. मी तक्त्याला आणखी एक रकाना जोडला. या माणसाने मनापासून काम केलं नाही तर काय बंद पडेल? त्या रकान्यात फिल्डमनपुढे लिहावं लागलं, सगळंच. क्लार्कपुढे लिहिलं, क्रमपाळी. तेव्हापासून त्यांना विचारल्याशिवाय ॲपचं एकही पान पक्कं केलं नाही.

तिसरी गोष्ट वरच्यांशी बोलण्याची. कार्यकारी संचालकांकडे जाताना मी ठिपक्यांचा नकाशा नेला, पण त्यावरची फिल्डमनची नावं काढून टाकली. त्यांना हंगामात किती ऊस मिळेल याचा अंदाज हवा होता. गाळपाचं सगळं नियोजन त्यावर उभं असतं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. "साहेब, आज ॲपमधून निघणारा उसाचा अंदाज भरवशाचा नाही. कारणं ही आहेत. आपल्याकडून तीन निर्णय हवे आहेत." ते आधी चिडले. "मग सह्या कशाला घेतल्या?" म्हणाले. मी 1.10 ची ओळ दाखवली. ती बघून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः क्लार्ककाकांना फोन लावला.

तीन निर्णय असे झाले. शेतात फक्त सात रकाने भरायचे, रेंज नसली तरी नोंद मोबाइलमध्ये साठेल आणि गट ऑफिसला आल्यावर पुढे जाईल. पासबुक शेतकरी नंतर ऑफिसात आणून देईल आणि ऊस तोडीला येण्याआधी खातं तपासून घेतलं जाईल. अकाउंटवाल्यांना हे चाललं, कारण त्यांची गरज पैसे देण्याच्या वेळेची होती. तिसरा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोजणीत फरक आला तर जबाबदारी फिल्डमनची नाही, शेतकऱ्यासमोर टेपने फेरमोजणी होईल, असं परिपत्रक कारखान्याच्या सहीने निघालं. ते प्रत्येक गट ऑफिसात लावलं. फिल्डमननी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आणि वाद झाला की तो दाखवू लागले.

चौथी गोष्ट वेळेची. मेलला उत्तर आलं नाही म्हणजे होकार आहे, असं धरायचं नाही. हंगाम सुरू झाला की शेती अधिकारी मेल उघडत नाहीत. त्यांना सकाळी सातला फोन केला की ते निवांत बोलतात. निर्णय फोनवर झाला तरी तो टिपणात लिहून परत पाठवायचा.

सगळं सुटलं असं नाही. जुनी रजिस्टरं क्लार्ककाकांना शेजारी बसवून पुन्हा भरावी लागली. त्यामुळे त्या हंगामात ॲप चाचणीच्या गटापुरतंच चाललं आणि बाकीचे गट पुढच्या वर्षावर गेले. आमच्या कंपनीचं बिल अडकलं. त्यावरून मला बोलणी बसली आणि ते दिवस जड गेले. एक फिल्डमन अजूनही आधी डायरीतच लिहितो.

पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नसताना घडली. लागणीची तारीख थोडी मागची टाकून पाळी आधी मिळवायची, असा दबाव फिल्डमनवर नेहमी असायचा. आता तारीख आपोआप पडते. आधी मोबाइलला घाबरणारे फिल्डमनच आता सांगतात, "तारीख माझ्या हातात न्हाई, मोबाइल घेतच न्हाई." गरज म्हणून हे कोणी लिहून दिलं नव्हतं. परिपत्रक निघाल्यावर, आपल्यावर काही शेकणार नाही अशी खात्री पटल्यावर, त्यांनी आपणहून सांगितलं.

अशा कामावर जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दस्तऐवजावर सही घेण्याआधी, ज्याच्या हातात शेवटी ते यंत्र जाणार आहे त्याच्याबरोबर एक पूर्ण दिवस काढा. त्याचा साहेब सोबत नको. आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात असे दिवस पहिल्यापासून मागून घ्या. नंतर ते कोणी देत नाही.