खोलीतला जुना माणूस

दुबईला निघालेल्या भंडाऱ्याच्या पोराला आता मुंबई बघावीही लागत नाही. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे. माझा पुतण्या तसाच गेला. आदल्या दिवशी मोहाडीला घरच्या पंगतीत जेवला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर ‘पोचलो काका’ म्हणत हजर!

1994 साली मी गेलो तेव्हा घर सोडणं आणि दुबईला पोचणं यात कित्येक दिवस जात. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, गाडी धरायची आणि मुंबईत एजंटाने सांगितलेल्या लॉजमध्ये वाट बघत पडून राहायचं. आयटीआयचा फिटर असलो तरी पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘एमिग्रेशन तपासणी आवश्यक’ असा, शिक्का होता. 1983च्या कायद्याप्रमाणे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी हाती आल्याशिवाय विमानात बसता येत नसे. पोचल्यावर तो पासपोर्टही मालकाच्या कपाटात जायचा.

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या खोलीत दुमजली खाटा होत्या. एक करीमनगरचा, दोघे मलप्पुरमचे, आणि रत्नागिरीकडचे एक चाचा. चाचा सत्तरच्या दशकापासून आखातात होते. त्यांची कोकणी बोली मला आधी कळेना, माझी झाडीबोली त्यांना कळेना. पण त्या परक्या मुलखात तेवढंच मराठी कानाला पुरायचं. पहिल्याच रात्री त्यांनी बजावलं, ‘‘प्रत्येक दिरहमचा रुपया करून बघू नकोस. तसं केलंस तर पोटाला खाणार नाहीस.’’ दिरहम तेव्हा साडेआठ रुपयांच्या आसपास होता आणि चहा घेतानाही मनात गुणाकार चाले. उन्हात काम करून आल्यावर किती पाणी प्यायचं, मीठ कसं घ्यायचं, मुकादमाशी कुठल्या शब्दांत बोलायचं, कुठल्या कागदावर सही करण्याआधी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, हे सगळं चाचांनी शिकवलं. मी दुबईत रुळलो तो त्यांच्यामुळे.

आणि भातामुळे. विदर्भ म्हटलं की लोकांना ज्वारी आणि कापूस आठवतो. आम्ही मात्र धानाच्या बांधीतले, मालगुजारी तलावातली मासोळी खाऊन वाढलेले. त्यामुळे भात-माशावर त्या खोलीत आमचं सगळ्यांचं जमलं. मल्याळी लोकांचा जाड, लालसर उकडा तांदूळ सुरुवातीला घशाखाली उतरत नव्हता. घरच्या चिन्नोरचा वास आठवायचा. पुढे शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पाचजण मिळून एकाच पातेल्यात भात शिजवायचो आणि कालवण कोणाच्या पद्धतीचं करायचं यावर तासभर वाद घालायचो.

फोन शुक्रवारीच. आधी पत्रातून कळवायचं की अमुक शुक्रवारी रात्री आठला बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर येऊन थांबा. कधी लाइन लागायची, कधी नाही. मिनिटाचे पैसे एवढे की ‘बरा आहे, तुम्ही?’ यातच ते संपत. म्हणून आम्ही कॅसेट पाठवायचो. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती एक कॅसेट द्यायची, तो परतताना घरची घेऊन यायचा. माझ्या आईने भरलेली एक कॅसेट अजून जपून ठेवली आहे. सुरुवातीला ती नुसती गप्प आहे, मागे कोंबडी ओरडते, कोणीतरी ‘बोल ना गा माय’ म्हणतं, आणि मग आई एकदम रोवणीचा हिशेब सांगायला लागते: किती बाया लागल्या, किती पऱ्हे उरले. ‘तुझी आठवण येते’ असं त्यात कुठेच नाही. पण आजी गेल्याचं मला कळलं ते पत्रातून, तेरवी होऊन गेल्यावर. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. ती माणसं चांगली होती.

पुतण्याचं दुबई वेगळं आहे. 2009ला मेट्रो आली, 2010ला बुर्ज खलिफा उभा राहिला, 2022पासून आठवड्याची सुट्टीही शनिवार-रविवार झाली. कामगारांचा पगार बँकेतून होतो, त्यावर सरकारी नजर असते. 15 जून ते 15 सप्टेंबर भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेता येत नाही. आमच्या वेळी हे असतं, तर किती जणांची शरीरं वाचली असती! घरी बोलायला तो बोटीम अॅप वापरतो, कारण तिथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही. धानावर तुडतुडा पडला की माझा भाऊ बांधीतूनच त्याला दाखवतो आणि कुठलं औषध आणायचं ते पोरगा तिकडून सांगतो. ऑगस्ट 2020मध्ये वैनगंगा भंडारा शहरात शिरली तेव्हा तो रात्रभर फोनवर पाण्याची पातळी बघत बसला आणि सकाळी तसाच ड्युटीवर गेला.

घरचं सगळं वेळेवर कळतं, हे उत्तमच. पण तो राहतो त्या बेडस्पेसमध्ये, म्हणजे भाड्याने खाट मिळणाऱ्या खोलीत, शेजारच्या खाटेवरचा माणूस कुठल्या गावचा, हे त्याला वर्ष उलटलं तरी माहीत नव्हतं. प्रत्येक जण कामावरून आला की आपापल्या घरी बोलत असतो. करारातल्या एका कलमावर त्याचं अडलं तेव्हा खोलीत विचारायला कोणी नव्हतं. त्याने मला फोन केला, आणि माझी माहिती तीस वर्षांपूर्वीची.

आखातातून परतलेले आपण बरेच जण आज भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, मोहाडीत आहोत. गावातलं पोरगं निघणार असं कळलं की त्याच्या घरी एक संध्याकाळ जाऊन बसा. एजंटाची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, ते त्याच्यासोबत तपासा. कराराचा कागद ओळ न् ओळ वाचा. आणि पोचल्यावर खोलीतल्या सगळ्यांची नावं-गावं पहिल्याच आठवड्यात विचारून घे, एवढं त्याला जरूर सांगा.