सावकाराला विचारणार कोण?

मागच्या दिवाळीत शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घालायची वेळ झाली आणि आमच्या धाकटीने वनस्पती तुपाच्या डब्यावरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं, "पाम तेल! हे कुठून येतं, माहीत आहे?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुकानातून येतं, आणखी कुठून!

मग तिने होंडुरासची हकिगत सांगितली. तिथल्या बाहो आग्वान खोऱ्यात दिनांत या कंपनीचे पामचे मळे आहेत. ह्या जमिनी आमच्या, असं शेतकरी म्हणतात. त्या तंट्यात कित्येक माणसं मारली गेली. कंपनी आरोप नाकारते. पण तिला २००९ साली तीन कोटी डॉलरचं कर्ज द्यायचा करार केला तो जागतिक बँकेच्या कुटुंबातल्या आय.एफ.सी.ने, आणि त्यातले निम्मे दिलेही. आधी नीट चौकशी केली नाही, हे २०१४ साली त्यांच्याच लोकपालाने लिहून ठेवलं.

"म्हणजे आपल्या वॉशिंग्टनातली बँक?" आम्ही विचारलं आणि जरा गप्पच झालो. कारण १९८९ साली मेधा पाटकर इथे येऊन अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सरदार सरोवराबद्दल बोलल्या, तेव्हा आम्ही मेरीलँडातच होतो. शेतीला पाणी म्हणून बांधायच्या त्या धरणाला बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले होते, आणि बुडणार होतं आपल्या अक्कलकुव्याचं मणिबेली. कुणीतरी आम्हांला "चला" म्हणालं होतं. पण मंडळातले दोघे-तिघे बँकेत नोकरीला. उगीच वाकडेपणा कशाला? गेलो नाही.

जे गेले, बोलले, त्यांच्यामुळे फरक पडला. १९९२ मध्ये मोर्स समितीने बँकेवर ताशेरे ओढले, १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारने सोडून दिलं, आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकायला तपासणी मंडळ नेमलं. धरण मात्र झालंच. आय.एफ.सी.चा लोकपाल आला १९९९ मध्ये. पण हे दोघे अहवाल लिहितात. भरपाई द्यायला लावू शकत नाहीत.

मग कोर्ट? कच्छमधल्या मुंद्र्याच्या औष्णिक वीजकेंद्रालाही आय.एफ.सी.चंच कर्ज. तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी वॉशिंग्टनच्या कोर्टात दावा लावला. १९४५ च्या कायद्याने आम्हांला पूर्ण संरक्षण आहे, असं संस्थेचं म्हणणं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी ते नाकारलं. आनंद फार टिकला नाही. मूळ कृत्य भारतात घडलं, असं म्हणून खालच्या कोर्टांनी दावा फेटाळला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा ऐकायलाही नकार दिला. दार उघडलं आणि तोंडावर मिटलं.

आपल्याकडचा सावकार निदान गावात तरी राहायचा. मणिबेलीच्या माणसाने वॉशिंग्टनला यायचं कसं? आपण मात्र इथेच आहोत, बरं का! बँकेत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, तो पैसा काँग्रेस मंजूर करते, आणि त्यात आपला करही असतो. तेव्हा विचारायचा हक्क आपला आहे.

धाकटीने आमच्या प्रतिनिधीला पत्र लिहिलं: कर्ज देणाऱ्यानेही नुकसानीला जबाबदार असावं. तिघांनी सह्या केल्या. सही करताना यांचा हात थोडा थबकला. मंडळात आता बँकेतले बरेचजण आहेत.

पण १९८९ सालची सही राहिलीच होती ना!