कोवाचित्साला जाशील तेव्हा

चि. अनघा,

बेलग्रेडमध्ये तुझं बस्तान बसलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. सुट्टीत कुठे जाऊ, असं विचारलंस म्हणून लिहिते. तिथून पन्नासेक किलोमीटरवर, बनातच्या सपाट शेतमुलखात कोवाचित्सा नावाची नगरपालिका आहे. आठ गावं, वस्ती पंचवीस हजारांच्या आत.

लोक तिथे चित्रं बघायला जातात. शेतकऱ्यांनी रंगवलेली. 1955 साली त्यांचं कलादालन निघालं आणि 2024 मध्ये या चित्रकलेला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. मार्टिन योनाशच्या चित्रांतली माणसं निरखून बघ: डोकं एवढंसं, हातपाय मात्र अवाढव्य. राबणाऱ्याचं अंग रंगवावं तर असं!

पण मला विचारशील, तर आधी नगरपालिकेचा कारभार बघ. तो चार भाषांत चालतो: सर्बियन, स्लोवाक, हंगेरियन, रोमानियन. हाब्सबर्ग काळात या मुलखात ठिकठिकाणची माणसं आणून वसवली; स्लोवाक कुटुंबं कोवाचित्सात 1802 च्या सुमारास आली. गावं अजून बरीचशी ज्याची त्याची आहेत. पादिना स्लोवाकांचं, देबेल्याचा हंगेरियनांचं, उझ्दिन रोमानियनांचं. देवळंही निराळी: स्लोवाक ल्यूथरपंथी, हंगेरियन कॅल्विनपंथी, रोमानियन ऑर्थोडॉक्स. तेव्हा सगळे गळ्यात गळे घालून नांदतात, असलं काही मनात धरून जाऊ नकोस. शेजारधर्म आहे, पण आपापली वेस राखून.

तरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वस्तीत एखाद्या अल्पसंख्य समाजाचे 15 टक्के लोक असतील, तर त्यांची भाषा कारभारात आणणं सर्बियाच्या कायद्याने बंधनकारक आहे. 2011 च्या जनगणनेत इथे हंगेरियन दहा टक्क्यांच्या आसपास होते, रोमानियन तर त्याहूनही कमी. दोघांच्याही भाषा कारभारात आहेत. कायद्यात बसेल तेवढंच पदरात टाकायचं, हा सरकारी खाक्या इथे चाललेला नाही.

मात्र दर जनगणनेला वस्ती घटते आहे. तरुण बाहेर पडतात, स्लोवाक मुलं स्लोवाकियाची वाट धरतात. भाषेला कचेरीत मान मिळाला, तरी शाळेच्या वर्गात मुलं नकोत का?



रविवारी मुळीच जाऊ नकोस, कचेरी बंद असेल. कामाच्या दिवशी जा, आधी तिथे डोकाव, मग चित्रं. आणि उझ्दिन चुकवू नकोस.

तुझी,
मावशी