हडपसरची लढाई, वसईचा तह

चि. ओंकार,


तिकडच्या इतिहासाच्या पुस्तकात वसईचं नाव बघून तू चाट पडलास म्हणे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्याची गोष्ट तुला पाठ आहे. किल्ला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण तीच ऐकवतो. १८०२ ची मात्र कुणी काढत नाही.

तू चिनी सरदारांच्या लढायांचा तो गेम खेळतोस ना? त्यातल्या त्साओ त्साओने इ.स. १९६ मध्ये हान सम्राटाला आपल्या मुक्कामी नेऊन ठेवलं आणि त्याच्या नावाने हुकूम सोडले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे या मराठा सरदारांमध्येही तोच डाव चालला होता. दुसरा बाजीराव पेशवा ज्याच्या मुठीत, पेशवाई त्याची. शिवाय मधे रक्त सांडलं होतं. यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला बाजीरावाने एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं.

२५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीचे दिवस. हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज होळकरांसमोर उभी राहिली. दौलतराव स्वतः उत्तरेतच. दोन्हीकडे कवायती पलटणी, दोन्हीकडे गोरे अधिकारी. यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर तुटून पडले आणि लढाईचा रंग पालटला.

हाती पुणं आलं, पेशवा नाही! तो सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग करत समुद्रमार्गे वसईला पोचला. माझ्या मते यशवंतराव तिथेच हरले. बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव यांच्या हाती कारभार देऊन काय उपयोग, खरा पेशवा इंग्रजांच्या आसऱ्याला होता.

३१ डिसेंबरला वसईत बाजीरावाने कर्नल बॅरी क्लोजबरोबर तह केला. सहा पलटणींची इंग्रजी फौज कायम पदरी, तिच्या खर्चाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी बोलणी नाहीत. चिमाजी अप्पा म्हणजे बाजीरावाच्या आजोबांचे सख्खे भाऊ. त्यांनी जिंकलेल्या गावात हे झालं.

मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला पुण्यात आणून गादीवर बसवलं. हा तह न मानणारे शिंदे आणि नागपूरकर भोसले सप्टेंबरात असईला इंग्रजांशी लढून हरले. होळकर आले नाहीत. पुढच्या वर्षी होळकर लढायला उठले, तोवर शिंद्यांनी तह करून टाकला होता.

तुझा,
अण्णाकाका