पांढरा गणवेश आणि काळी चेन

माझी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. सकाळी सातला मुकुंदवाडीहून सायकलवर निघालेली पोर साडेआठला परत दारात उभी. सलवारीच्या उजव्या पायावर चेनच्या कड्यांचा काळा छाप उठलेला. वॉर्डातल्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर परत पाठवले होते. अशा कपड्यांत पेशंटजवळ जायचे नाही, हा नियम बरोबरच आहे. पण जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, "घरात साबण नाही का ग?" हा प्रश्न आपल्या माणसांना कसा ऐकू येतो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

"बाबा, उद्यापासून मी शेअर रिक्षाने जाते," ती म्हणाली. माझ्या सहचारिणीने बोटांवर महिन्याचा हिशेब केला आणि गप्प बसली.

मला जास्त लागले, कारण ते ऑइल माझ्या हातचे होते. दर रविवारी मी कंपनीतून आणलेले जळके ऑइल तिच्या चेनवर मोठ्या हौसेने ओतत असे. ठिबकेपर्यंत. आमच्या वडिलांनी तेच केले होते. ते तरुणपणी नागसेनवनात, पूज्य बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात, तिघांत एक सायकल करून शिकायला जायचे. तेलात भिजलेली सायकल म्हणजे निगा राखलेली सायकल, ही आमच्या घरची समजूत होती.

त्या रात्री चेन हातात घेऊन बोटे चोळली, तर कचकच लागली. मी चिकलठाणा एमआयडीसीत मशीनवर तीस वर्षे काढली आहेत. दोन भाग घासून बसवायचे असले की आम्ही तेलात एमरीची पूड कालवून लॅपिंग पेस्ट लावतो, ती लोखंड खाते. माझ्या बोटांवर तीच पेस्ट होती! आपल्या शहरात पाइपलाइनसाठी रस्ते खोदलेले, जालना रोडची धूळ तर बारमाही. ओले तेल ती धूळ धरून ठेवते आणि चेन आतून झिजत जाते. मी दर रविवारी मुलीच्या सायकलीला औषध म्हणून विष घालत होतो.

आज आपण वापरतो तशी रोलरची चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडातल्या मँचेस्टरला केली. तिच्यात पिन, पिनेवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर असतो. वंगण हवे ते ह्या तिघांच्या आत. बाहेरच्या पट्ट्यांवर तेलाचा काही उपयोग नाही, ते फक्त कपड्यांना लागते. इतकी साधी बाब मशीनवर काम करणाऱ्या माणसाला पन्नाशीत कळावी, याची लाज वाटली.

सायकल मार्टवाल्याने कोरड्या वंगणाची बाटली दाखवली. त्यात मेण किंवा टेफ्लॉन पातळ द्रवात मिसळलेले असते. द्रव उडून जातो आणि आत कोरडा थर राहतो. बाटलीवर 'ड्राय' लिहिलेले बघून घ्यावे. 'वेट' लिहिलेली असते ती पावसाळ्यासाठी. ती धुऊन जात नाही, पण धूळ धरते. गंज सोडवायचा फवारा हे वंगण नव्हे. खोबरेल तेल तर अजिबात नको, ते काही दिवसांत चिकट होऊन बसते.

पहिल्यांदा मी घाईत जुन्या चेनवरच ते वंगण टाकले. दोन दिवसांत करकर सुरू! आधी चेन डिझेलमध्ये दोन-तीनदा धुऊन, पुसून, वाळवून घ्यावीच लागते, नाहीतर मेण धातूला धरतच नाही. मग बाटली चांगली हलवून, पायडल उलटे फिरवत, चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब. ब्रेकच्या रबरावर वा रिमवर पडू देऊ नये. हे काम रात्रीच करावे, म्हणजे सकाळपर्यंत वाळते. वाळल्यावर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे. मुलगी रोज बारा किलोमीटर जाते-येते, तिला दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. चेन बोलू लागली की समजावे.

पण बाटली काही शे रुपयांची, आणि आमच्या गल्लीत सायकलीवर शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली आठ-दहा.

मेणाचे नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यात विहारातला डबा होता. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. वंदनेच्या मेणबत्त्यांची उरलेली बुडखे त्या डब्यात साठतात. मी डबा मागितला तेव्हा सहचारिणी चिडली. "वंदनेच्या मेणबत्त्या सायकलीच्या चेनला? लोक काय म्हणतील?" भन्तेजींना विचारले. ते हसून म्हणाले, "एरवी उंदीर खातात. मुली शिकायला जात असतील तर न्या की."

बुडख्यांतल्या वाती काढून, रंगीत आणि वासाची मेणबत्ती वगळून, पांढरे मेण वितळवून फडक्यातून गाळून घेतले. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये, पेट घेते. पातेल्यात पाणी उकळून त्यात डबा ठेवावा आणि लहान मुलांना दूर बसवावे. चेनचे लॉक काढून, धुतलेली चेन त्या मेणात सोडली. बुडबुडे थांबले की मेण आत पोचले. तारेने उचलून टांगली. गार झाल्यावर काठीसारखी ताठ होते, ती हाताने कडी-कडी वाकवून मोकळी करायची. लॉक परत बसवताना त्याची बंद बाजू चेन पुढे धावते त्या दिशेला हवी. हे माझ्याकडून एकदा उलटे झाले आणि क्रांती चौकात चेन सुटली. सुदैवाने सायकलवर मी होतो, मुलगी नव्हती.

असे मेण दिलेली चेन आमच्याकडे महिनाभर चालते. पाऊस लागला की मात्र गंज धरते, म्हणून जून ते सप्टेंबर थोडे ओले वंगण आणि रोजचे पुसणे. त्यात जमते असे की वर्षावास संपता-संपता पाऊसही ओसरतो आणि डबाही भरलेला असतो.

झीज मोजायला पट्टी पुरे. पिनेच्या मध्यापासून मोजल्यास नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. अर्धे सूत वाढले तर सावध व्हावे, एक सूत वाढले तर चेन बदलावी, नाहीतर फ्रीव्हीलचे दातही जातात. माझ्या जळक्या ऑइलच्या चेनने दीड सूत दाखवले होते.

अशोक विजयादशमीला आम्ही सगळे बुद्ध लेणीला गेलो. पांढरी साडी नेसून मुलगी सायकलवरच आली. पायथ्याशी माणसांचा समुद्र, सायकल लावायला जागा नाही. तिने ती उचलून कडेला घेतली, चेनचा हात साडीला पुसला आणि माझ्याकडे बघितले. काही उठले नव्हते.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा डबा पाऊण भरला आहे. गल्लीतल्या पाच चेना धुऊन दोरीवर टांगल्या आहेत, रविवारी मेण लावायचे आहे.